चिंता ही खासगी मालमत्ता नव्हे

आपल्या पक्षाच्या कोणत्याही शाखेत एखादी संध्याकाळ बसून पाहावे. येणाऱ्या बहुतेकांच्या हातात एखादा कागद असतो. कधी तो सातबाराचा उतारा असतो, कधी बँकेची नोटीस, कधी कंत्राटदाराने कामावरून कमी केल्याचे पत्र, तर कधी रुग्णालयाचे बिल. या कागदाची दखल आपण तत्परतेने घेतो. अर्ज लिहून देतो, तहसीलदारांकडे शिष्टमंडळ नेतो, प्रसंगी मोर्चाही काढतो. परंतु तो कागद घेऊन आलेल्या माणसाला तीन आठवडे धड झोप लागलेली नाही, त्याचा घास गिळवत नाही, दारावर थाप पडली की त्याच्या छातीत धस्स होते, याची दखल घेणे आपल्या कार्यक्रमात बसत नाही. "धीर धरा, काही होणार नाही", एवढे सांगून आपण पुढच्या कागदाकडे वळतो. भीती, चिंता आणि ताण या गोष्टी ज्याच्या त्याच्या खासगी मालकीच्या आहेत आणि चळवळीने त्यांत लक्ष घालण्याचे कारण नाही, असे आपण जणू गृहीतच धरले आहे. हे गृहीत चुकीचे आहे आणि त्याची किंमत चळवळीला मोजावी लागते, हे या लेखात मांडावयाचे आहे.

आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविणाऱ्याने मनाविषयी का लिहावे, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर सोपे आहे. आपल्या समाजातील चिंतेचा फार मोठा भाग हा मजुरी, जमीन, कर्ज, घर आणि आजारपणाचा खर्च यांतून निर्माण होतो. ज्या वस्तूच्या उत्पादनाची कारणे इतकी आर्थिक आहेत, त्या वस्तूकडे अर्थशास्त्राने पाठ फिरविणे बरे नव्हे.

प्रथम शब्दांचा घोळ दूर करू. भीतीला समोर विषय असतो. साप दिसला की माणूस भितो, आणि साप निघून गेला की भीती ओसरते. चिंतेचा विषय समोर नसतो, तो उद्याच्या पोटात असतो. नोकरी जाईल का, घर पाडतील का, मुलीची फी कोठून भरू, हे प्रश्न आज सुटणारे नसतात आणि म्हणून रात्रीही निजत नाहीत. ताण म्हणजे आपल्यावर पडलेल्या मागण्या आणि त्या पुऱ्या करण्याची आपली साधने यांतील तफावत. अर्थसंकल्पातील तूट म्हणावी तशी ही आयुष्यातील तूट असते.

शरीराला मात्र हा भेद कळत नाही. अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत दाखवून दिले की, संकट दिसताच शरीर लढण्याची किंवा पळण्याची सिद्धता करते. मूत्रपिंडांवरील ग्रंथींतून अ‍ॅड्रेनलिन स्रवते, हृदयाचे ठोके वाढतात, श्वास उथळ होतो, स्नायू ताठ होतात. साप समोर असेल तर ही सिद्धता जीव वाचविते. पण संकट म्हणजे बँकेचा हप्ता असेल, तर लढावे कोणाशी आणि पळावे कोठे? मग ती सिद्धता महिनोन्‌महिने तशीच राहते. पुढे पोट बिघडते, मान आणि पाठ धरते, रक्तदाब चढतो, झोप उडते, माणूस घरातल्यांवर खेकसू लागतो. शाखेत येणारा माणूस "छातीत धडधडते" म्हणतो, तेव्हा तो बहाणा करीत नसतो. त्याचे शरीर अखंड युद्धसज्ज अवस्थेत असते, आणि शत्रू मात्र दिसत नसतो.

पनवेलचा अनुभव

हे सारे समजून घेण्यासाठी परदेशात जाण्याचे कारण नाही. पनवेल तालुक्याचा गेल्या अर्धशतकाचा इतिहास पुरेसा आहे. १९७० साली नव्या मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण या परिसरातील ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या आणि त्याच वर्षी सिडकोची स्थापना झाली. भातशेती, मिठागरे आणि खाडीतली मासेमारी यांवर जगणाऱ्या आगरी, कोळी आणि इतर कुटुंबांना एका कागदाने कळविले की, तुमचा उद्या यापुढे तुमच्या हातात नाही. शेती ही काही सुखाची गादी नव्हती. पाऊस लहरी होता, सावकार होता. परंतु त्या संकटांची ओळख होती, त्यांना तोंड देण्याच्या रीती पिढ्यान्‌पिढ्या ठरलेल्या होत्या. नवे संकट अनोळखी होते. मोबदला किती, केव्हा, राहते घर राहणार की जाणार, मुलांना नोकरी मिळणार की नाही, यांपैकी एकाही प्रश्नाला खात्रीचे उत्तर नव्हते.

पुढे दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उभे राहिलेले आंदोलन, १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी झालेला गोळीबार, त्यात पडलेले पाच बळी, आणि त्या लढ्यातून पुढे आलेला साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क हा इतिहास या पानाच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. त्याची दुसरी बाजू मात्र सांगितली पाहिजे. जमीन गावठाणाच्या हद्दीपर्यंत संपादित झाली. कुटुंबे वाढली, गावठाण वाढले नाही. मुलांनी बापाच्या घराशेजारी, म्हणजे कागदोपत्री सिडकोच्या जमिनीवर, घरे बांधली. 'गरजेपोटी बांधलेली घरे' हा शब्दप्रयोग त्यातून जन्मला. ती नियमित करण्याचे निर्णय पुन्हापुन्हा जाहीर झाले, त्यांच्या अटी पुन्हापुन्हा बदलल्या. ज्या घरात लेकरे वाढली, लग्ने झाली, ते घर कायदेशीर आहे की नाही हे निश्चितपणे न कळता लोकांनी अख्खी हयात काढली. विमानतळासाठी दहा गावांना मुळापासून उठावे लागले. त्या विमानतळाचे उद्‌घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी थाटात झाले. भाषणांत उड्डाणांचे आकडे होते. त्या विस्थापितांच्या रात्री कोणत्याही ताळेबंदात मांडलेल्या नाहीत.

दुसरे उदाहरण आपल्या अधिक जवळचे आहे आणि म्हणून अधिक बोचरे आहे. पनवेलच्या कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये रद्द केला. त्याआधी जूनमध्ये बँकेचे माजी अध्यक्ष आणि शेतकरी कामगार पक्षाचे माजी आमदार यांना सक्तवसुली संचालनालयाने अटक केली होती. दोष कोणाचा आणि किती हे न्यायालय ठरवील. येथे मुद्दा ठेवीदारांचा आहे. निवृत्त शिक्षक, छोटे दुकानदार, जमिनीचा मोबदला ठेवलेले शेतकरी, घरकाम करून पै पै साठविणाऱ्या स्त्रिया ही सहकारी बँकेच्या ठेवीदारांची सर्वसाधारण जातकुळी. पैसे अडकले की अशा माणसाला जी भीती वाटते तिच्यात एक लाजही मिसळलेली असते. 'आपण फसलो' हे तो मुलालाही सांगत नाही. चिंता एकट्याने सोसण्यामागे ही लाज फार मोठे काम करते.

या प्रकरणात एक गोष्ट मात्र बारकाईने पाहण्यासारखी आहे. परवाना रद्द करताना रिझर्व्ह बँकेने सांगितले की, सुमारे ९५ टक्के ठेवीदारांना त्यांची संपूर्ण ठेव विमा महामंडळाकडून मिळेल. हे कोणाच्या औदार्याने घडले नाही. १९६० साली केरळातील पलाई सेंट्रल बँक बुडाली, हजारो ठेवीदार देशोधडीला लागले, आणि त्या हाहाकारातून १९६१ साली ठेव विम्याचा कायदा झाला. आरंभी विम्याची मर्यादा अवघी १,५०० रुपये होती. ती १९९३ साली एक लाखावर आली आणि त्यानंतर तब्बल २७ वर्षे तेथेच थिजली. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले, ठेवीदारांना प्रथम सहा महिन्यांत केवळ एक हजार रुपये काढण्याची मुभा मिळाली, माणसे रस्त्यावर आली. फेब्रुवारी २०२० मध्ये मर्यादा पाच लाख झाली. २०२१ च्या दुरुस्तीने निर्बंध आल्यापासून ९० दिवसांत विम्याची रक्कम देण्याचे बंधन आले. ज्यांचे पाच लाखांहून अधिक अडकले, त्यांचे दुःख यामुळे संपलेले नाही. परंतु हजारो घरांतील झोप एका कायद्याने परत आणली, हे नाकारता येणार नाही. मनःशांतीचे इतके स्वस्त आणि इतके व्यापक औषध कोणत्याही दवाखान्यात मिळत नाही.

जोखीम आणि अनिश्चितता

अर्थशास्त्रज्ञ फ्रँक नाइट यांनी १९२१ साली एक मूलभूत भेद केला. ज्या संकटाची शक्यता मोजता येते ती जोखीम, आणि जी मोजताच येत नाही ती अनिश्चितता. जोखमीचा विमा उतरविता येतो, तिच्यासाठी तजवीज करता येते. अनिश्चिततेपुढे हिशेबच चालत नाही. मानवी मन जोखमीसह जगू शकते. अनिश्चितता त्याला पोखरते. खात्रीची वाईट बातमी एकवेळ पचते, पण लटकत राहिलेला निर्णय पचत नाही, हा अनुभव प्रत्येकाचा असेल.

या भेदाच्या प्रकाशात पाहिले, तर श्रमिक चळवळीने शंभर वर्षांत जे मिळविले त्याचा एक नवा अर्थ लागतो. १९६९ चा माथाडी कायदा घ्या. पाठीवर ओझे वाहणाऱ्या हमालाला आज काम आहे, उद्याचे माहीत नाही, अशी स्थिती होती. कायद्याने मंडळे आली, नोंदणी आली, भविष्यनिर्वाह निधी आला. कळंबोलीच्या लोखंड बाजारातला नोंदीत माथाडी आणि शेजारी तळोजे औद्योगिक वसाहतीत कंत्राटदारामार्फत राबणारा कामगार यांच्या घामात फरक नाही. फरक आहे तो उद्याविषयीच्या खात्रीत. १९७२ च्या दुष्काळाच्या आगीतून तावून निघालेल्या रोजगार हमी योजनेने १९७७ च्या कायद्याने ग्रामीण मजुराला हेच दिले. दिवसभर खडी फोडूनही मजुरी तुटपुंजी होती, परंतु 'मागितले तर काम मिळेल' हा भरवसा मजुरीहून मोठा होता. निवृत्तिवेतन, आजारपणाची पगारी रजा, ठेव विमा, कुळाचे संरक्षण या सर्वांचे अंतिम उत्पादन एकच आहे. अनिश्चितता कमी होते, आणि जे उरते ते सर्वांत वाटले जाते.

गेल्या तीन-चार दशकांत मात्र गाडी उलट दिशेने चालली आहे. कायम नोकरीच्या जागी कंत्राट आले, निश्चित निवृत्तिवेतनाच्या जागी बाजारावर हेलकावणारी योजना आली. मोबाइलवरील हुकमाने घरोघर जेवण पोहोचविणाऱ्या तरुणाला 'भागीदार' असे गौरवाचे नाव मिळाले आणि कामगार म्हणून असलेले हक्क गेले. नफा वरच्या मजल्यावर राहिला, अनिश्चितता तळमजल्यावर उतरविली गेली. आणि मग त्या तळमजल्यावरच्या माणसाला सांगितले जाते की, तुझा ताण तुझ्या विचारसरणीमुळे आहे. सकारात्मक विचार कर, पहाटे उठ, ध्यान कर.

याचे परिणाम शास्त्राने मोजले आहेत. ब्रिटनमध्ये सरकारी कर्मचाऱ्यांचा एक मोठा अभ्यास १९६७ साली सुरू झाला. पुढे मायकेल मार्मट यांच्या नावाशी तो जोडला गेला. त्यातील कोणीही उपाशी नव्हते, सर्वजण कचेरीत बसून काम करणारे होते. तरीही सर्वांत खालच्या श्रेणीतील पुरुषांमध्ये हृदयरोगाने मरण्याचे प्रमाण वरच्या श्रेणीच्या सुमारे तिप्पट आढळले. धूम्रपान, रक्तदाब वगैरे हिशेबात धरूनही हे अंतर पुरते मिटले नाही. नंतरच्या अभ्यासात दिसले की, आपल्या कामावर आपला ताबा किती, हा प्रश्न हृदयाच्या आरोग्याशी निगडित आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात तामिळनाडूतील ऊस उत्पादकांच्या आकलनाच्या चाचण्या ऊस तुटण्यापूर्वी, म्हणजे हात तंगीत असताना, आणि पैसे हाती आल्यावर अशा दोनदा घेतल्या. तेच शेतकरी तंगीच्या काळात चाचण्यांत मागे पडले. गरीब माणूस 'अविचाराने वागतो' म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. त्याची बुद्धी कमी नसते. तिचा मोठा भाग चिंतेकडे गहाण पडलेला असतो.

भीतीतून क्रांती होत नाही

आता आपल्या घरातील एका गैरसमजाकडे वळू. परिस्थिती असह्य झाली की लोक आपोआप लढावयास उठतात, ही समजूत आपल्यापैकी अनेकांच्या मनात घट्ट बसलेली आहे. म्हणून चिंता ही जणू चळवळीची कच्ची सामग्रीच आहे, ती शमविण्याचे काम कशाला करा, असाही सूर कधी ऐकू येतो.

व्हिएन्नाजवळच्या मारिएन्ताल या गावाने या समजुतीला फार पूर्वी उत्तर दिले आहे. तेथील कापड गिरणी १९२९-३० च्या मंदीत बंद पडली आणि जवळजवळ सारे गाव बेकार झाले. १९३१-३२ मध्ये मारी जाहोदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या गावात राहून अभ्यास केला. जाहोदा स्वतः समाजवादी चळवळीतल्या होत्या. पुढे १९३६ साली त्यांना तुरुंगवास भोगावा लागला आणि देश सोडावा लागला. त्यांना काय आढळले? रिकामा वेळ भरपूर असूनही वाचनालयातून पुस्तके नेणे घटले. राजकीय कामातील सहभाग घटला. पुरुषांची चाल मंदावली, ते रस्त्यात उगाच थांबू लागले. गाव पेटून उठले नाही. ते विझत गेले.

आपल्याकडे १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला गिरणी संप घ्या. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. संपाच्या हिशेबात आपण मागण्या, मालक, सरकार आणि नेतृत्व यांची चर्चा पुष्कळ केली. परंतु हातात काम नसलेला गिरणी कामगार महिनोन्‌महिने चाळीच्या खोलीत किंवा कोकणातल्या गावी आपल्या मनाशी कसा झगडला असेल, कितीजण दारूकडे वळले असतील, कितीजणींनी ते घर एकहाती सावरले असेल, हा विषय आपल्या ठरावांत फारसा आला नाही.

यातून निघणारा निष्कर्ष स्पष्ट आहे. एकाकी भीती माणसाला लढाऊ करीत नाही. ती त्याला आज्ञाधारक करते. कारखान्यातील ज्या कामगाराला उद्या काढून टाकतील अशी धास्ती आहे, तो संघटनेची पावती फाडावयास कचरतो. आणि भ्यालेल्या माणसाला खोटा शत्रू दाखविणे फार सोपे असते. तुझी नोकरी परप्रांतीयाने घेतली, तुझे घर दुसऱ्या धर्माच्या माणसामुळे धोक्यात आले, असे सांगणारा त्याच्या निराकार चिंतेला एक चेहरा देतो, आणि त्या क्षणी त्याला बरेही वाटते. चिंतेचा हा बाजार आपण मोकळा सोडला, तर तो दुसरे कोणी काबीज करणारच.

मग करावे काय?

व्यवस्था बदलेपर्यंत माणसाने तळमळत राहावे, असे मात्र कोणीही म्हणू नये. पाणी अस्वच्छ आहे म्हणून नळयोजनेसाठी लढावयाचे; परंतु तोवर पाणी उकळून प्यावयाचेच. मनाच्या बाबतीतही हे दोन्ही मार्ग एकाच वेळी चालले पाहिजेत. मानसशास्त्राने सिद्ध केलेल्या काही साध्या गोष्टी कार्यकर्त्याला माहीत असाव्यात.

पहिली गोष्ट, टाळाटाळ ही सावकारी कर्जासारखी असते. बँकेची नोटीस न उघडता कपाटात टाकली की त्या घटकेला हायसे वाटते. परंतु त्या सुटकेवर रोज व्याज चढते आणि भीती मुदलाहून मोठी होते. म्हणून शाखेत आलेल्या माणसाला पहिली मदत कोणती करावयाची, तर त्याच्याशेजारी बसून तो लिफाफा उघडावयाचा. "दादा, आपण दोघे मिळून वाचू", एवढे वाक्य पुष्कळ काम करते. वाचल्यावर बहुतेक वेळा असे दिसते की, संकट खरे आहे, पण त्याला आकार आहे, मुदत आहे, उत्तर देण्याची रीत आहे. अनिश्चिततेची जोखीम झाली, की निम्मा भार उतरतो.

दुसरी गोष्ट, चिंतेला कागदावर आणावे. डोक्यात फिरणारी चिंता एकच असून शंभर वाटते. दिवसातील अर्धा तास, शक्यतो झोपेच्या वेळेपासून दूर, यासाठी राखावा. कागदाचे दोन भाग करावेत. माझ्या हातात काय आहे ते एकीकडे, नाही ते दुसरीकडे. पहिल्या भागातील एक तरी काम दुसऱ्या दिवशी करावे. दुसऱ्या भागातील जे एकट्याच्या हातात नाही, ते संघटनेच्या हातात येऊ शकते का, हा प्रश्न विचारावा. चळवळ नेमकी तेथून सुरू होते.

तिसरी गोष्ट शरीराची. श्वास घेण्यापेक्षा सोडण्यास अधिक वेळ लावून पाच मिनिटे सावकाश श्वसन केले, तर ठोके खाली येतात. रोज चालणे, ठरावीक वेळी झोपणे, रात्री चहा टाळणे यांचा उपयोग खरा आहे. पनवेलहून मुंबईला लोकलने जावयास सव्वा-दीड तास आणि यावयास तितकाच वेळ ज्याचा जातो, त्याला हे सांगताना थोडा संकोच वाटतो. म्हणूनच कामाच्या तासांचा आणि वाहतुकीचा प्रश्न हा आरोग्याचा प्रश्न आहे, हे विसरता कामा नये. दारूविषयी स्पष्ट बोलावे. ती दोन तास चिंता दाबते, झोप मोडते आणि सकाळी चिंता अधिक तीव्र करून परत देते.

चौथी गोष्ट, चिंता आणि चिंतेचा आजार यांतील सीमा ओळखावी. महिनोन्‌महिने जवळजवळ रोज चिंता असणे, तिच्यामुळे काम, झोप, जेवण आणि घरातील नाती बिघडणे, अकस्मात छाती धडधडून "आता मरणार" असे वाटणारे झटके येणे ही आजाराची लक्षणे असू शकतात. छातीत दुखत असेल तर प्रथम डॉक्टरांकडून हृदयाची तपासणी करून घ्यावी, तेथे मनावर ढकलून मोकळे होऊ नये. मनोविकारतज्ज्ञांकडे जाणे म्हणजे वेडाचा शिक्का बसणे नव्हे. समुपदेशन आणि विचारांची तपासणी करावयास शिकविणारे उपचार यांनी पुष्कळांना गुण येतो. काहींना गोळ्या लागतात. चिंतेवर दिल्या जाणाऱ्या मुख्य गोळ्यांचा गुण दिसावयास काही आठवडे लागतात, त्या मध्येच आपल्या मनाने सोडू नयेत. झोपेच्या गोळ्या मात्र दुकानातून परस्पर आणून घेऊ नयेत. त्यांची सवय लागते. आणि कोणी जगणे नको झाल्याचे बोलला, तर त्याला उपदेश न करता, एकटे न सोडता, त्याच दिवशी मदत मिळवून द्यावी. शासनाची 'टेली-मानस' ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर ऑक्टोबर २०२२ पासून उपलब्ध आहे. हा क्रमांक प्रत्येक शाखेच्या फलकावर असावा.

मागणीपत्रात मनाला जागा

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १२ राज्यांतील प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के लोक मानसिक विकाराने ग्रस्त आढळले आणि त्यांतील बहुसंख्य उपचारावाचून होते. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ साली झाला आणि २०१८ पासून अमलात आला. शासकीय सेवेतून मानसिक उपचार मिळणे हा त्याने नागरिकाचा हक्क मानला आणि विमा कंपन्यांनी मनाच्या आजाराला शरीराच्या आजाराप्रमाणेच वागवावे असे बंधन घातले. हक्क कागदावर आला. पण महाराष्ट्रातील प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी अशी चारच, आणि रायगडचे जिल्हा रुग्णालय अलिबागला. पनवेलच्या एखाद्या पाड्यावरील आदिवासी स्त्रीने किंवा तळोज्याच्या रोजंदारी कामगाराने तेथे जावयाचे, तर एका दिवसाची मजुरी आणि गाडीभाडे दोन्ही जाते. म्हणून आपल्या मागण्या ठोस असल्या पाहिजेत. तालुक्याच्या शासकीय रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ ठरावीक दिवशी हजर असावा, प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रशिक्षित समुपदेशक असावा, औषधे तेथेच मिळावीत. गरजेपोटी बांधलेल्या घरांचा निर्णय मुदतीत आणि अंतिम व्हावा. कंत्राटी कामगाराला कामावरून कमी करताना लेखी पूर्वसूचना मिळावी. ठेव विम्याची मर्यादा महागाईनुसार आपोआप वाढत जावी. तिच्यासाठी पुन्हा एखादी बँक बुडण्याची वाट पाहू नये. शेवटच्या तीन मागण्या मानसिक आरोग्याच्या नाहीत असे ज्यांना वाटेल, त्यांनी हा लेख पुन्हा एकदा वाचावा.

अखेरीस कार्यकर्त्यांविषयी दोन शब्द. इतरांचे कागद वाहता वाहता कार्यकर्त्याचे स्वतःचे आयुष्य तुटीत जाते. घरची नाराजी, पैशाची ओढाताण, पराभवांची माळ, आणि 'आपण खचलो' हे बोलण्याची चोरी. कार्यकर्ता थकला की आपण त्याला 'निष्क्रिय झाला' म्हणतो आणि यादीतून नाव खोडतो. ही रीत बदलली पाहिजे. शाखेच्या बैठकीत हिशेब आणि कार्यक्रम यांच्या जोडीला 'आपल्यापैकी कोण अडचणीत आहे' हाही विषय असावा. याच तालुक्यात तारा येथे काम करणाऱ्या, १९६१ साली स्थापन झालेल्या युसुफ मेहेरअली केंद्राशी आयुष्यभर निगडित राहिलेले डॉ. जी. जी. पारीख २ ऑक्टोबर २०२५ रोजी वयाच्या शंभरीत निवर्तले. स्वातंत्र्यलढ्यातला आणि आणीबाणीतला तुरुंगवास, पक्षाच्या फाटाफुटी, सर्व काही पाहून हा माणूस शेवटपर्यंत कामात होता. लढा आणि रचना या दोन्ही गोष्टी त्या केंद्राच्या कामात हातात हात घालून चालल्या. मोर्चा वर्षातून चारदा निघतो. दवाखाना, शाळा आणि तेलघाणी रोज उघडावी लागते. रोजच्या लहान, पुऱ्या होणाऱ्या कामात मनाला जो आधार मिळतो, तो दूरच्या विजयाच्या आशेवर एकट्याने मिळत नाही.

१९४१ साली युद्धाच्या छायेत रुझवेल्ट यांनी जगापुढे चार स्वातंत्र्ये मांडली, त्यांत गरजेपासून मुक्ती आणि भीतीपासून मुक्ती ही शेजारी शेजारी होती. समाजवादी चळवळीने पहिलीवर आपला हक्क सांगितला, दुसरी वैद्यांवर आणि बुवांवर सोपविली. त्या दोन्ही एकमेकींवाचून मिळत नाहीत. १९८४ च्या जानेवारीत जे शेतकरी रस्त्यावर आले, त्यांना भीती वाटत नव्हती असे मानणे हा त्यांचा गौरव नव्हे. त्यांनाही घरे होती, लेकरे होती. फरक एवढाच होता की, त्या दिवशी कोणाचीही भीती त्याच्या एकट्याची राहिली नव्हती. शाखेच्या दाराशी उद्या जो माणूस कागद घेऊन येईल, त्याचा कागद घेण्याआधी त्याला बसावयास सांगावे, पाणी द्यावे, आणि रात्री झोप लागते का, हे विचारावे. संघटनेचे काम त्या प्रश्नापासून सुरू होऊ शकते.